पाडव्याची पंगत: प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

गणपती होऊन आठवडा झाला. आज आमच्या स्वयंपाकघरात सात जण जमलो आणि ठरवलं: या दिवाळीत पाडव्याला रुग्णालयातल्या मुलांच्या घरच्यांना सणाचं जेवण वाढायचं. वाढायचं, वाटायचं नाही. पाकिटं, पिशव्या, खोकी काही नको. पान मांडायचं, माणसाला बसवायचं, आग्रह करायचा.

हे डोक्यात कुठून आलं ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे परत परत सांगायला नको. मी चोवीस वर्षं नारायण पेठेत खानावळ चालवली, रोजची साठ-सत्तर पानं. २००९ च्या गणपतीत शहरभर स्वाइन फ्लूची साथ होती आणि माझा धाकटा नऊ दिवस दाखल होता. इकडे खानावळीत सत्तर माणसं जेवून जात होती आणि मी वॉर्डाच्या जिन्यात उभ्याने बिस्किटं चहात बुडवून खात होते. गौरी जेवल्या त्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या आजीने स्वतःच्या डब्यातली अर्धी पुरणपोळी माझ्या हातावर ठेवली. ताट नाही, वाटी नाही, तळहातावर. ती माउली पुन्हा भेटली नाही. मुलगा बरा झाला, आता नोकरीला लागला. पण ती अर्धी पोळी फेडायची राहिली आहे.

आजची वाटणी: मी स्वयंपाक आणि हिशोब. जाऊबाई रुग्णालयाशी बोलणी. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका वर्गणी. बाकीचे चौघं माणसं गोळा करणार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षक मॅडमना भेटलो. तासभर बोलल्या. कामाची माणसं जशी बोलतात तशा, आधी अडचणी आणि मग हो.

त्यांच्याकडून समजलेली सगळ्यात मोठी गोष्ट जेवणाचीच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाखल झालेल्या रुग्णाचं जेवण योजनेतच धरलेलं असतं. रुग्णाचं. सोबत राहणाऱ्या माणसाचं नाही. म्हणजे ट्रॉली येते, चार वर्षांच्या मुलाच्या नावाचं ताट येतं, मूल दोन घास खाऊन तोंड फिरवतं आणि उरलेलं आई खाते. काही मुलांना तोंडाने काही द्यायचंच नसतं, तेव्हा ट्रॉली त्या खाटेपाशी थांबतच नाही. त्या दिवशी आईचं काय, हे कुणाच्या कागदावर नसतं.

वॉर्ड लांबून पाहिला. अठ्ठेचाळीस खाटा, त्यांतल्या नऊ केमो चाललेल्या मुलांच्या, त्या वेगळ्या भागात. शिवाय एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळं असलेल्या चौदा बाळंतिणी. बाळ आत काचेच्या पेटीत, आई बाहेर बाकावर. बीड, धाराशिव, अहिल्यानगर, सोलापूरकडची माणसं जास्त. स्टँडवर एसटीतून उतरायचं आणि थेट इथे यायचं, पुणं म्हणजे त्यांना एवढंच माहीत.

पास एका रुग्णामागे एक. आई वर असली की बाप फाटकाबाहेर.

२४ सप्टेंबर, बुधवार

जागा मिळाली. ओळखीच्या मंगल कार्यालयवाल्यांनी स्वयंपाकघर, भांडी आणि स्टीलची ताटं भाडं न घेता दिली. तुळशीचं लग्न लागेपर्यंत कार्यालय तसं मोकळंच असतं, पण त्यांनी ज्या मनाने दिलं ते मनच मोठं.

आचारी ठरले. माझ्या खानावळीतलेच, आता वय पासष्ट. त्यांनी उभ्या उभ्या बेत सांगितला: वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, पंचामृत, काकडीची कोशिंबीर, पुरी आणि श्रीखंड. "पाडव्याला श्रीखंड नसेल तर मी येत नाही." बेत उतरवून घेतला.

तूप आता जरा आवाक्यात आलंय. सोमवारपासून, २२ तारखेपासून, तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. चार किलो तूप लागेल.

२८ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर मराठवाड्यात आणि सोलापुरात पाऊस नुसता कोसळतोय. वॉर्डातल्या कितीतरी जणांच्या घरी पाणी शिरलंय, सोयाबीन गेलंय. माढ्याकडचा एक बाप फाटकाजवळ फोन कानाला लावून उभा होता. त्याला घरी जाऊन शेत बघायचं होतं आणि मुलाला सोडून जाता येत नव्हतं. अशा वेळी दिवाळीचं जेवण हा विषय काढावा की नाही, असं मनात आलं. जाऊबाई म्हणाल्या, अशाच वेळी काढायचा. त्यांचं बरोबर आहे.

शुक्रवारी आहारतज्ज्ञ मॅडमना बेत दाखवला होता. त्यांनी लाल पेन घेतला. आधी मला वाईट वाटलं, मग त्या एकेक कारण सांगत गेल्या आणि मी वही उघडली.

केमो घेतलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशी उतरतात. वॉर्डात त्याला 'काउंट उतरले' म्हणतात. न्यूट्रोफिल, म्हणजे त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेले की आपल्या पोटात सहज मरणारा जंतू त्या मुलाला अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. म्हणून कच्चं काही नको: काकडी नको, वरून भुरभुरलेली कोथिंबीर नको, वाटलेली हिरवी चटणी नको. श्रीखंडही नको, कारण चक्का रात्रभर टांगलेला असतो आणि मग तो कुठेही उकळत नाही. मी म्हटलं, मॅडम, श्रीखंड आईबापांना वाढू, मुलांना देणारच नाही. त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी चौकट करून लिहिलंय: "आईच्या ताटातलं मूल खाणारच. ताटात जे असेल ते मुलाला चालणारं असलं पाहिजे."

एवढी वर्षं खानावळ चालवून हे मला सुचलं नव्हतं.

बाकीचंही तसंच. मूत्रपिंडाच्या आजाराने अंगावर सूज आलेली तीन मुलं आहेत, त्यांच्या ताटाला मीठ नाही. टाइप १ मधुमेहाची एक मुलगी आहे, तिच्या आईला भात किती आणि गोड किती हे आधी मोजून सांगायचं, कारण इन्सुलिनचा डोस त्यावर ठरतो. लहान मुलांच्या हाती अख्खे दाणे, अख्खे काजू पडू द्यायचे नाहीत, घशात अडकतात. केमोने तोंड आलेल्या मुलांना चकली, कडबोळी म्हणजे काचेचे तुकडे. त्यांना मऊ भात, वरण, तूप.

नवा बेत: वरण-भात, तूप, बटाट्याची पिवळी भाजी, मटकीची चांगली शिजलेली उसळ, लाल भोपळ्याची भाजी, पुरी, बासुंदी, एक केळं. केळं सालीतलं म्हणून चालतं. पंचामृत गेलं, त्यात दाणे आणि खोबऱ्याचे काप येतात. बासुंदी मात्र बसली: दोन तास उकळते, गरम वाढता येते, चारोळी न घालता जायफळ-वेलदोड्यावर करायची. आचाऱ्यांना श्रीखंडाबद्दल सांगायला मीच गेले. ते गप्प बसले, मग म्हणाले, "बासुंदी अशी करीन की श्रीखंडाची आठवण यायची नाही."

५ ऑक्टोबर, रविवार

रंगीत तालीम. वीस माणसांचा स्वयंपाक आणि वॉर्डातल्या बारा आयांना तळमजल्याच्या हॉलमध्ये जेवायचं निमंत्रण. आज जे घडलं ते सगळं लिहिते.

आधी स्वयंपाकातलं. आहारतज्ज्ञ मॅडमनी थर्मामीटर दिला होता. नियम असा की गरम अन्न ६० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, कारण ५ ते ६० या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. निघताना वरण ९० होतं, पोचल्यावर ७४. भाजी ६६. भात ५५. भात नापास. आणि भातच सगळ्यात नाजूक, कारण तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत, भात कोमट राहिला की जागे होतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उघड्या घमेल्यात, वर फडकं टाकून भात न्यायची माझी जुनी सवय इथे चालायची नाही. दुहेरी भिंतीचे, घट्ट झाकणाचे डबे आणायचे आणि भात सगळ्यात शेवटी उतरवायचा.

पुऱ्या वाफ धरून चामड झाल्या. तिथेच तळायला परवानगी नाही. म्हणजे पुरीचं पीठ घट्ट मळायचं, थोडा रवा घालायचा, टोपल्यात कागदावर एकेक थर मोकळा ठेवायचा.

आता खरी गोष्ट. बारा ताटं मांडली. चार जणी आल्या. पाऊण तास वाट पाहिली. भात निवत गेला.

मी वर गेले. सहा वर्षांच्या एका मुलाच्या हाताला सलाईन लावलेलं आणि आईने तो हात आपल्या मांडीवर धरून ठेवलेला. मी म्हटलं, "ताई, जेवायला चला ना, गरम आहे." ती म्हणाली, "मी उठले की हा सुई ओढतो. काल दोनदा ओढली. तिसऱ्यांदा शीर सापडेना, ह्यो लई रडला." दुसरीचं मूल आत्ताच झोपलं होतं, जागं झालं आणि आई दिसली नाही तर? तिसरी डॉक्टरांच्या राउंडची वाट पाहत होती. आपण खाली गेलो आणि नेमके डॉक्टर आले तर रिपोर्टचं कोण ऐकणार. चौथीने नुसतं मुलाकडे पाहिलं आणि मान हलवली.

अन्न त्यांच्यापर्यंत आणण्याचा विचार आम्ही महिनाभर केला. त्या अन्नापर्यंत कशा येणार याचा विचार एकदाही केला नाही. २००९ मध्ये मी जिन्यात का खात होते? जिन्यातून माझी खाट दिसत होती म्हणून. मला हे माहीत होतं, आणि तरीही मी विसरले.

उरलेले आठ डबे वर नेऊन दिले. खाटेपाशीच, एका हाताने, त्या जेवल्या.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

रात्री गच्चीवर दूध आटवलं आणि तिथेच बैठक. ठरलं: वाढप्यांच्या आधी बसणारी माणसं हवीत. एकेका आईच्या जागी, तिच्या मुलाजवळ, चाळीस मिनिटं बसेल असं एक माणूस. पंगती तीन करायच्या, म्हणजे तीच माणसं तिन्ही वेळा बसू शकतील. हिशोबाने अठरा माणसं लागतात, कारण बऱ्याच खाटांपाशी बाप, आजी, मामा असं कुणी ना कुणी आलटून पालटून थांबू शकेल. ज्यांच्याकडे तेही नाही त्यांच्यासाठी आपण.

अधीक्षक मॅडमना फोन केला. क्षणभर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे कुणी विचारत नाही. मी वरच्यांशी बोलते."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

परवानगी मिळाली, अटींसकट. बसणाऱ्या अठरा जणांचं आज शिक्षण झालं. इन्चार्ज सिस्टरनी घेतलं.

पहिली वीस मिनिटं फक्त हात. साबणाने ४० ते ६० सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं. सर्दी, खोकला, जुलाब, ताप यातलं काहीही असेल तर घरी थांबायचं आणि तसं कळवायचं, संकोच नको. केमोच्या भागात मास्क, आणि तिथे बसायला फक्त तीन ठरलेली माणसं.

मुलाला काही भरवायचं नाही. पाणीसुद्धा नाही. सलाईनच्या चाकाला हात लावायचा नाही. थेंब थांबले, हात सुजल्यासारखा वाटला, यंत्र वाजलं, की सिस्टर. आजार विचारायचा नाही. "लवकर बरा होशील" असं म्हणायचं नाही. यावर कॉलेजच्या एका मुलाने विचारलं, का नाही? सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही बोलून जाल आणि ते मूल मला रोज विचारेल, कधी."

मग काय करायचं? गोष्ट सांगायची, कागदाची होडी करायची, चित्र काढायचं, किंवा नुसतं बसायचं. मुलाने पाठ फिरवली तरी बसायचं.

आमच्या वाड्यातल्या आजी, वय एकाहत्तर, सगळ्यात पुढे बसून लिहून घेत होत्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आकडा पक्का: ६२ कुटुंबं, ११६ माणसं. वॉर्डातले मामा, मावश्या आणि त्या पाळीतल्या सिस्टर मिळून १६. एकूण १३२ पानं, चव्वेचाळीसच्या तीन पंगती, साडेअकरा, साडेबारा आणि दीडला. त्या वेळापुरती पासाची अट सैल केली आहे. आई आणि वडील दोघं हॉलमध्ये बसू शकतात.

एक कुटुंब जैन आहे, बटाटा चालत नाही. त्यांना भोपळा जास्त आणि उसळ वेगळ्या पातेल्यातली. दौंडकडच्या एका मुस्लिम ताईंनी विचारलं, "आमच्यासाठी पण आहे ना?" जाऊबाई म्हणाल्या, तुमच्यासाठी नसेल तर कुणासाठी. मग त्या बराच वेळ शीरखुर्म्याबद्दल बोलत बसल्या, ईदला किती घरी वाटी पाठवतात ते सांगत.

एका दात्याने पंधरा हजार देऊ केले, हॉलमध्ये फलक आणि मुलांबरोबर फोटो या बोलीवर. नाही म्हणून सांगितलं. केस गेलेल्या मुलाचा फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये राहावा हे त्या मुलाने ठरवायचं असतं, आणि ते अजून ठरवण्याच्या वयाचं नाही. काकांनी गल्लीत दोनशे-पाचशे करून तीन दिवसांत रक्कम भरून काढली.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

मार्केट यार्डात भुसार विभागातून किराणा. आंबेमोहोर १२ किलो, तूरडाळ ५, मटकी ४, कणीक १२, साखर ६. भाजी मंगळवारी मंडईतून. डबे रविवार पेठेतून, सहा दुहेरी भिंतीचे. दूध ३० लिटर सांगून ठेवलं.

बाळंतिणींसाठी अळीव आणि ओला नारळ वेगळा. त्या चौदा जणींना मटकी नको म्हणाल्या मॅडम, काहींची पोटं नाजूक आहेत. त्यांना मूगडाळीची आमटी आणि जेवणानंतर अळिवाची खीर.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

घरची पूजा संध्याकाळी लवकर उरकली, सव्वासातला कार्यालयात. ओटे, फरशी, पातेली धुऊन पुसून ठेवली. मटकीला मोड छान आलेत. अळीव नारळाच्या पाण्यात भिजत घातले. मूठभर घातले की सकाळी पातेलंभर होतात, म्हणून झाकण उंच ठेवलं.

निरांजनाचा प्रश्न आज सुटला. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, आणि रुग्णालयात कुठेही ज्योत लावायची नाही, ऑक्सिजन असतो तिथे ठिणगी सुद्धा पेट घेते. उदबत्ती नाही, फुलबाजी तर नाहीच. तबकात सुपारी, अक्षता, कुंकू आणि झेंडूचं फूल ठेवू. ज्योतीशिवाय ओवाळलं तर चालतं का, असं आजींना विचारलं. "ओवाळणारीचा हात महत्त्वाचा," म्हणाल्या. रांगोळी भुकटीची नको, म्हणून मुलींनी मोठ्या कागदांवर रंगवून आणली.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

रात्रीचे साडेदहा. पाय ठणकताहेत, पण आजच लिहिते.

पहाटे चारला दूध चुलीवर चढवलं. आचाऱ्यांनी दोन पातेली केली, पंधरा-पंधरा लिटरची, कारण एकात आटवायला घेतलं तर तळाला लागायची भीती. लांब दांड्याचं उलथनं तळाला धरून सारखं फिरवत राहायचं, कडेची साय परत दुधात लोटायची. सव्वासहाला दूध निम्म्यावर आलं, रंग बदामी झाला, मग साखर. साखर आधी घातली तर लागते, उशिरा घातली तर पुन्हा पातळ होऊन जास्त आटवावं लागतं. एका दमात दोन तास ते पातेल्यापासून हलले नाहीत. चव मी घेतली. श्रीखंडाची आठवण आली नाही.

मीठ नसलेलं वरण, भाजी आधी काढून घेतली, डब्यांना लाल दोरा. प्रत्येक पदार्थाचा नमुना चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवला. स्वयंपाकघरात आलेल्या प्रत्येकाला टोपी आणि हात धुवायला लावलं, अगदी वर्गणीचे काका डोकावले तरी.

लक्ष्मी रस्ता नको म्हणून टेम्पो नदीपात्रातल्या रस्त्याने काढला. पोचल्यावर भात ७१. मी तो आकडा दोनदा वाचला.

तिथे लिफ्ट बंद. वर न्यायची ताटं, म्हणजे ज्या आयांना अजिबात हलता येणार नव्हतं त्यांची अकरा, पोरांनी जिन्याने नेली. बसणाऱ्या अठरांतली एक मुलगी सकाळी सर्दीने उठली आणि तिने स्वतःहून फोन करून सांगितलं. रडत होती. तिला म्हटलं, आज सगळ्यात मोठं काम तूच केलंस. तिच्या जागी मी बसले, म्हणून पहिली पंगत मला खाली पाहता आली नाही.

मी बसले ती त्याच सलाईनवाल्या मुलाजवळ नव्हे, तो गेल्या आठवड्यात घरी गेला. ही आठ वर्षांची मुलगी, पायाला प्लास्टर. आई उठायलाच तयार नव्हती. मुलगीच म्हणाली, "जा की गं. ह्या आजी हायेत." आई दारापर्यंत तीनदा वळली. मग मुलीने मला ऊसतोडीची गोष्ट सांगितली. तिचे आईबाबा दर वर्षी दिवाळी झाली की तोडीला जातात, यंदा कोयता घेऊन कोण जाणार, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल कशी फिटणार, असं सगळं. आठ वर्षांच्या मुलीला उचल म्हणजे काय हे माहीत होतं. मला कागदाची होडी करता आली नाही, तिनेच करून दाखवली.

दुसऱ्या पंगतीला मी वाढायला. मीठ वर मधोमध, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, मुदेवर वरण, वरणावर तूप. डावी बाजू आज मोकळी होती, चटणी-कोशिंबीर नसल्यामुळे. तिथे केळं ठेवलं. कुणी लगेच हात घातला नाही. सगळी नुसती ताटाकडे पाहत बसली. मग दौंडच्या ताईंनी "बिस्मिल्ला" म्हटलं, एका आजोबांनी "वदनी कवळ" सुरू केलं आणि पंगत जेवायला लागली.

माढ्याचा तो बाप आणि त्याची बायको. गेले सव्वीस दिवस ही दोघं एका पासावर आहेत. रोज सकाळी आठ आणि रात्री आठला फाटकाशी भेटतात. ती पास त्याच्या हातात देते, तो रिकामा डबा तिच्या हातात देतो, "ताप होता का", "नाय", आणि एक वर जातो, एक बाहेर. आज शेजारी शेजारी चटईवर बसली. वाढताना मला दिसलं, दोघंही सारखी दाराकडे बघतायत, आता कुणी उठायला सांगेल म्हणून. मी बासुंदीचं ओगराळं घेऊन गेले आणि म्हटलं, अजून पंचवीस मिनिटं आहेत, मुलाजवळ आमच्या वाड्यातल्या आजी बसल्यात. तेव्हा त्याने पाठ भिंतीला टेकली. तिने आपल्या ताटातली एक पुरी उचलून त्याच्या ताटात ठेवली. तो म्हणाला, "अगं, हाय की मला." ती म्हणाली, "असू दे."

जेवण झाल्यावर तिनं त्याला ओवाळलं. ओवाळणीत घालायला त्याने खिसा चाचपला, तर हातात पासच आला. त्याने तो तबकात ठेवला. "आज रात्री मी थांबतो वर, तू झोप." हॉलमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि ती सुद्धा.

बाळंतिणींना दर दोन-तीन तासांनी दूध काढायला किंवा बाळाला घ्यायला आत जावं लागतं, म्हणून त्यांची वेळ सिस्टर ठरवतील तशी. एकीने खिरीची वाटी संपवली आणि म्हणाली, माझी आई अशीच करते, गूळ कमी. तिची आई परभणीला आहे. दुसरी वाटी वाढली.

मधुमेहाच्या मुलीला बासुंदी मिळाली. तिच्या आईने शंभर मिलीची वाटी मोजून घेतली, सिस्टरना दाखवली, डोस ठरला, मग वर नेली. चार महिन्यांत पहिल्यांदा घरात गोड म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही, असं ती म्हणाली. ती वॉर्डालाच घर म्हणाली.

तिसऱ्या पंगतीला पुऱ्या कमी पडल्या. दुसरीत आग्रह जास्त झाला, माझाच. आचाऱ्यांनी पोळ्या लाटून पाठवल्या. वाढपी शेवटी जेवले, साडेतीनला, वरण-भात आणि भोपळा.

केमोच्या भागातल्या दोन आया खाली आल्याच नाहीत. तिथे सकाळपासून एका मुलाचं बरं नाही. त्यांची ताटं झाकून वर दिली, संध्याकाळी जाऊबाई आणायला गेल्या तेव्हा एक तसंच होतं. विचारलं नाही. ताट उचललं, पाण्याची बाटली ठेवली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

बारा वर्षांखालच्या भावंडांना वॉर्डात सोडत नाहीत. इंदापूरहून आलेली सात वर्षांची एक बहीण, मावशीचा हात धरून, हॉलमध्ये तबक घेऊन बसली. भाऊ वर, काउंट उतरलेले. आजींनी तिच्यासमोर आणि सिस्टरनी वर त्याच्यासमोर मोबाइल धरला. तिने पडद्याला कुंकू लावलं. ते पुसायचं कसं, असा आजींना प्रश्न पडला, तर ती म्हणाली, "पुसू नका."

कालची बासुंदी उरली नाही, उरली असती तरी आज दिली नसती. तिला केळी आणि लाडू.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिशोब. एकूण खर्च २२,७८० रुपये, ताटामागे साधारण १७३. दूध-तूप हा मोठा भाग, त्याखालोखाल गॅस. आचारी पैसे घेत नव्हते, तीन हजार त्यांच्या सूनबाईंकडे दिले. भांडी घासणाऱ्या दोघींना सणाच्या दिवसाचे दुप्पट. उरलेले ४,३०० रुपये काकांकडे जमा.

भांडी परत, दोन वाट्या कमी भरल्या, त्या आणून दिल्या. नमुने टाकले, कुणाला काही त्रास झाल्याचा निरोप नाही.

पुढच्या वेळेसाठी: पुऱ्या माणशी सहा धरायच्या. लाल दोऱ्याचे डबे वेगळ्या माणसाच्या हाती. परवा एकदा अदलाबदल होता होता राहिली. हॉलमध्ये चटई नको, पाट किंवा खुर्ची. सिझेरियन झालेल्या बायकांना खाली बसता येत नाही हे मला आधी कळायला हवं होतं. वर न्यायची ताटं अकरा नाही, वीस धरायची.

संध्याकाळी इन्चार्ज सिस्टरांचा फोन. वाटलं, काही राहिलं तिथे. त्या म्हणाल्या, जेवणाचं नंतर बघू, पण गुरुवारी दुपारी कुणी नुसतं बसायला येईल का? दोन आया आहेत, आठ दिवस धड अंघोळीला गेल्या नाहीत.

चौघी तयार आहेत. गुरुवार, १ ते ३. आजींना कळवलं, त्यांनी होडीचा कागद आणायला सांगितलाय.